तबकडीवर न छापलेली नावे : मुंबईच्या चित्रपटसंगीतातील साजिंदे

ग्रामोफोनच्या तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर फार थोडी जागा असे आणि त्या जागेत कोणाचे नाव छापायचे याचा निर्णय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हाती नसे. १९४९ साली प्रदर्शित झालेल्या ‘महल’ या चित्रपटातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापलेले होते. हे नाव पडद्यावरील पात्राचे होते, आणि हे गाणे लता मंगेशकर यांनी गायिले आहे हे लोकांना कळले ते श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केल्यानंतर. पुढील दहा वर्षांत पार्श्वगायकांनी आपले नाव मिळवले, १९५९ साली ‘फिल्मफेअर’ने पार्श्वगायनासाठी पारितोषिक सुरू केले, आणि तबकडीच्या कागदावर गायक, गीतकार, संगीतकार व चित्रपट अशी चार नावे कायमची स्थिरावली. त्या काळच्या गाण्यांतील व्हायोलिनचा ताफा, कडव्यांच्या मध्ये उमटणारा सॅक्सोफोन, ढोलकाचा ठेका आणि या सगळ्यांची मांडणी कागदावर उतरवणारा माणूस यांच्यासाठी मात्र पाचवी ओळ कधीच छापली गेली नाही.

ही ओळ का छापली गेली नाही, याचे उत्तर केवळ कोणाच्या कृतघ्नतेत शोधून चालणार नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत काम कसे वाटले जाई, त्याचे पैसे कसे दिले जात आणि कायदा कोणाला निर्माता मानत असे, या तिन्ही गोष्टींनी मिळून या वादकांना अनाम ठेवले. त्यांच्या कलेचा दर्जा हे त्याचे कारण कधीच नव्हते. किंबहुना ज्या गाण्यांना आज हिंदी आणि मराठी संगीताचा सुवर्णकाळ म्हटले जाते, त्यांतील निम्मे संगीत, म्हणजे गायक गप्प असताना वाजणारे आणि गायक गात असताना त्याच्या खालून वाहणारे, या माणसांनी घडवलेले आहे.

मराठी रसिकाला साथीदाराचे नाव ठाऊक असणे ही मुळात नवी गोष्ट नव्हती. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर बसत, आणि गायनाइतकीच त्यांची साथ ऐकण्यासाठी लोक तिकीट काढत. नाटक कंपनीत साथीदार मासिक पगारावर असे, कंपनीबरोबर गावोगाव फिरे आणि रंगमंचासमोर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वाजवी, त्यामुळे त्याचा हात आणि त्याचा चेहरा यांची सांगड लोकांच्या मनात आपोआप बसे. १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपट आणला आणि १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडदा बोलू लागला, तेव्हा हे साथीदार प्रेक्षकांच्या नजरेतून प्रथम बाजूला झाले, नट गात असताना त्याच वेळी ध्वनी आणि चित्र दोन्ही टिपले जात असल्याने वादकांना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, पडद्याआड किंवा झाडाझुडपांच्या मागे बसून वाजवावे लागे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची पद्धत आणली, गाणे आधी ध्वनिमुद्रित होऊन मग चित्रित होऊ लागले, आणि वादक चित्रीकरणाच्या जागेवरूनही नाहीसा होऊन ध्वनिमुद्रणगृहाच्या बंद खोलीत गेला. तरीही प्रभातसारख्या संस्थांमध्ये तोवर पगारी वादक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या चित्रसंस्थांची पगारी व्यवस्था कोसळली, स्वतंत्र निर्माते वाढले आणि वादक हा रोजावर बोलावला जाणारा कारागीर झाला. इंग्रजी भाषक जगात ज्यांना सेशन म्युझिशियन म्हणतात, म्हणजे एखाद्या ध्वनिमुद्रणापुरते बोलावले जाऊन त्या बैठकीचा ठराविक मोबदला घेऊन जाणारे वादक, ते मुंबईत या घडामोडीतून निर्माण झाले.

याच सुमारास चित्रपटसंगीताचा नादही बदलत होता, आणि तो बदल समजण्यासाठी गोव्याकडे वळावे लागते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना प्रार्थनेच्या गायनासाठी पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. पाच रेषांवर लिहिलेले स्वर पाहताक्षणी गाता येणे आणि व्हायोलिनवर वाजवता येणे हे त्या शिक्षणाचे उद्दिष्ट होते. गावातील संगीतशिक्षक गरिबांच्या मुलांनाही हे शिक्षण देत असल्याने शेतीवाडी नसलेल्या घरातील मुलाच्या हाती एक असा धंदा येई, की ज्याची गरज ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र होती. संस्थानिकांची बँडपथके, लष्करी पथके, थंड हवेच्या ठिकाणची हॉटेले, मूकपटांच्या काळातील चित्रगृहे आणि पुढे जाझ वाजवणारे नृत्यवृंद यांत गोमंतकीय वादक भरले गेले. जाझ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेली, ठरलेल्या चालीच्या चौकटीत वादकाला आयत्या वेळी रचना करण्याची मोकळीक देणारी शैली. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात ती प्रत्यक्ष अमेरिकी वादकांकडून ऐकायला मिळाली आणि गोव्याच्या पोरांनी ती उचलली. मुंबईत ही मंडळी धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरातील ‘कुडां’मध्ये, म्हणजे त्या त्या गावाच्या लोकांनी चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांत राहत आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरील आल्फ्रेड या इराणी हॉटेलात जमून कामाच्या बातम्या एकमेकांना देत.

स्वातंत्र्याने त्यांचा जुना धंदा बसवला. गोऱ्या पलटणी गेल्या, संस्थाने विलीन झाली, लाहोरसारखे हॉटेलांचे शहर सरहद्दीपलीकडे राहिले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने शहरातील नृत्यगृहांचे उत्पन्नच आटले. नेमक्या याच काळात चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे होते. हिंदुस्थानी पद्धतीने शिकलेल्या वादकाला चाल तोंडपाठ करून वाजवण्याची सवय होती. परंतु तीस-चाळीस माणसांनी वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी, एकाही चुकीशिवाय आणि अर्ध्या दिवसाच्या तालमीत वाजवायच्या असतील, तर प्रत्येकासमोर लिहिलेला कागद असावाच लागतो. हा कागद लिहू शकणारे आणि वाचू शकणारे लोक गोव्याचे होते, काही पारशी होते, काही अँग्लो-इंडियन होते. त्यांची भाषा कोकणी किंवा इंग्रजी, उपासना चर्चमधली, आणि १९६१ पर्यंत त्यांतील अनेकांचे गाव पोर्तुगालच्या ताब्यात. अशा माणसांनी स्वतंत्र भारताचे सर्वांत लोकप्रिय संगीत घडवावे, ही या इतिहासातील फार मोलाची गोष्ट आहे आणि तिची दखल भारतीय संगीताच्या पाठ्यपुस्तकांनी आजवर नीट घेतलेली नाही.

या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी अरेंजर होता. मराठीत त्याला संगीत संयोजक म्हणतात. संगीतकार पेटीवर किंवा नुसत्या आवाजात चाल बांधी, आणि ती चाल अरेंजर स्वरलिपीत उतरवून घेई. गाण्यापूर्वीची सुरावट, दोन कडव्यांमधील वाद्यसंगीताचा तुकडा, गायकाच्या ओळीला छेद न देता तिच्याशी संवाद साधणारी समांतर सुरावट, चालीखाली भरायचे स्वरसमूह, यांपैकी काय कोणत्या वाद्याला द्यायचे हे तो ठरवी आणि प्रत्येक वादकाचा स्वतंत्र कागद रात्रीतून लिहून काढी. काही संगीतकार मधल्या तुकड्यांचीही सुरावट स्वतः देत, काही फक्त सूचना देत, आणि काही हे काम पूर्णपणे अरेंजरवर सोपवत; त्यामुळे एखाद्या विशिष्ट तुकड्याचा कर्ता कोण, हे आज प्रत्येक वेळी निश्चितपणे सांगता येत नाही. श्रेयनामावलीत अरेंजरचे नाव आलेच तर ते ‘साहाय्यक’ या शब्दाखाली येई, आणि त्या एका शब्दाखाली बरेच काही झाकले गेले.

सेबॅस्टियन डिसूझा यांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. गोव्यातील रेइश मागूश येथे १९०६ साली जन्मलेले सेबॅस्टियन फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात स्वतःचा नृत्यवृंद चालवत होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले, लाहोरकडूनच आलेल्या ओ. पी. नय्यर यांच्यासाठी त्यांनी संयोजन केले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे दोन दशके शंकर-जयकिशन यांच्या संगीताला त्यांनी आकार दिला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांचा जो भरघोस, लाटेसारखा चढत जाणारा नाद आहे, आणि गायकाची ओळ चालू असताना तिच्या पाठीमागे दुसरीच एक सुरावट इतकी स्वतंत्रपणे चालते की ती वेगळी काढून गुणगुणता यावी, ते सेबॅस्टियन यांच्या हाताचे वैशिष्ट्य होते. चर्चच्या समूहगायनात चार आवाज चार वेगळ्या ओळी गात एकत्र नांदतात, त्या शिक्षणाचा हा थेट वारसा होय. ज्या संगीतात एका वेळी एकच सुरावट चालते त्या संगीताच्या श्रोत्यांना एकाच वेळी दोन सुरावटी ऐकण्याची सवय लागली, आणि तीही कोणी मुद्दाम शिकवल्याशिवाय, हे सेबॅस्टियन यांच्यासारख्या संयोजकांचे कर्तृत्व आहे.

चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो शाव्हियेर वाझ हे हळदोण्याचे. मुंबईत त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, कारण त्यांचे ट्रम्पेटवादन आणि खर्जातील गायन दोन्ही त्या अमेरिकी कलावंताच्या वळणाचे होते. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे ते साहाय्यक झाले आणि १९५१ सालच्या ‘अलबेला’मध्ये त्यांचा वृंद चक्क पडद्यावर दिसला. महाराष्ट्रीय संगीतकाराची लावणी-अभंगांवर पोसलेली चाल आणि हळदोण्याच्या वादकाचा जाझ यांचा असा मेळ त्यापूर्वी झालेला नव्हता. चिक चॉकलेट १९६७ साली वारले. त्यांच्याच पिढीतील कुडचडे येथील फ्रँक फर्नांड यांनी ट्रम्पेट आणि संयोजन सांभाळून ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. मुंबईच्या हिंदी चित्रपटात मिळवलेला पैसा आणि अनुभव आपल्या भाषेकडे वळवण्याचा तो प्रयत्न होता.

या सर्वांत अँथनी गोन्साल्विस यांची कहाणी अधिक सविस्तर सांगण्यासारखी आहे. दक्षिण गोव्यातील माजोर्ड्याच्या चर्चमधील संगीतशिक्षकाच्या घरी १९२७ साली त्यांचा जन्म झाला, आणि १९४३ मध्ये, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते मुंबईत नौशाद यांच्या वृंदात व्हायोलिन वाजवू लागले. त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना हिंदुस्थानी रागसंगीत हे केवळ कामापुरते ठाऊक होते. गोन्साल्विस यांनी मात्र रागांचा अभ्यास केला आणि राग व पाश्चात्त्य स्वरमेळ यांना एकत्र आणणाऱ्या रचना पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिल्या. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात शंभराहून अधिक वादकांसह आपल्या रचना सादर केल्या, ज्यांत लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले. एरवी गायकाच्या मागे बसणारा वादक येथे प्रथमच स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रचनेसाठी गायकांना बोलावत होता, आणि म्हणून या कार्यक्रमाचे महत्त्व संगीतापुरते मर्यादित नाही. हा उपक्रम टिकवण्याइतके पैसे आणि आश्रय मिळाला नाही. १९६० च्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर चित्रपटसंगीताकडे न वळता माजोर्ड्यात राहिले. तेथेच २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या मुलांत प्यारेलाल शर्मा होते आणि राहुल देव बर्मनही होते. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रम्पेटवादक आणि अनेक वादकांचे शिक्षक. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी संगीत दिले तेव्हा त्यातील एका गाण्याच्या शीर्षकात ‘अँथनी गोन्साल्विस’ हे नाव आले. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला केलेले ते वंदन होते. हे नाव त्यानंतर देशभर मुलांच्या तोंडी बसले, परंतु ते कोणा खऱ्या माणसाचे आहे, आणि त्या माणसाने आपल्या ऐकण्यातील शेकडो सुरावटींवर हात फिरवला आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक झाले.

ध्वनिमुद्रणाचा दिवस कसा असे, हे पाहिले की या कामाची कठिणता ध्यानात येते. दूरध्वनी दुर्मीळ असल्याने ‘मेसेंजर’ म्हणून ओळखला जाणारा माणूस वादकांच्या घरोघरी जाऊन उद्या कोठे यायचे ते सांगून येई. परळचे राजकमल, ताडदेवचे फेमस आणि फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब अशा ठिकाणी सकाळी वादक जमत, आणि समोर आलेला कागद बहुतेकांनी तोवर पाहिलेलाही नसे. हिंदुस्थानी वाद्ये वाजवणारे सरगमीत आपली ओळ लिहून घेत, व्हायोलिनवाले रेषांवरची वाचत, तालवाद्यांचा गट ठेका ठरवी, आणि गायक येईपर्यंत सगळे मिळून तुकडे घोटत. सगळा आवाज एकाच पट्टीवर एकत्र उतरत असल्यामुळे कोणाचा आवाज किती यावा हे पुष्कळदा वादक आणि मायक्रोफोन यांच्यातील अंतरानेच ठरे. मीनू कात्रक, रॉबिन चटर्जी यांच्यासारखे ध्वनिमुद्रक वादकांना चार पावले मागे, दोन पावले पुढे सरकवून तोल साधत. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात शेवटच्या कडव्याशी एखाद्याचा स्वर चुकला, तर गायकासह साठ माणसांना पहिल्यापासून वाजवावे लागे, आणि म्हणून न चुकणारा वादक हाच खरा मौल्यवान वादक मानला जाई. दिवसअखेर ठरलेल्या दर्जाप्रमाणे पैसे हाती येत. गाणे पुढे पंचवीस आठवडे वाजो की पन्नास वर्षे, त्या पैशात भर पडत नसे. सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही वादकांची संघटना १९५० च्या दशकात आकाराला आली, तिने दर आणि कामाच्या वेळा यांसाठी निर्मात्यांशी वाटाघाटी केल्या, परंतु नाव छापण्याचा प्रश्न तिच्या हातात कधीच आला नाही.

या वाद्यवृंदात केवळ गोमंतकीय ख्रिस्ती नव्हते. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुर्जोर या पारशी घराण्याने तालवाद्यांचा आणि पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा विभाग सांभाळला. गुडी सीरवाई आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांनी अ‍ॅकॉर्डियन. कलकत्त्याहून आलेल्या मनोहारी सिंग यांनी सॅक्सोफोन. झरीन दारूवाला यांनी सरोद, आणि स्टुडिओच्या त्या पुरुषी जगात एका स्त्रीने हे स्थान मिळवणे सोपे नव्हते. रामनारायण यांनी सारंगी, हरिप्रसाद चौरसिया यांनी बासरी आणि शिवकुमार शर्मा यांनी संतूर याच खोल्यांत वाजवले. स्वतंत्र मैफलीचा कलावंत म्हणून नाव होईपर्यंत त्यांचे घर चित्रपटाच्या रोजावर चालले. मैफलीचा रस्ता ज्यांना उघडा होता ते नावारूपाला आले, आणि ज्यांच्या वाद्याला भारतात स्वतंत्र मैफलच नव्हती, म्हणजे ट्रॉम्बोन, व्हायोला, चेलो वाजवणारे, ते स्टुडिओतच राहिले.

मराठी वादकांचा वाटाही मोठा आहे. गोव्याकडचे दत्ताराम वाडकर हे शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक. ढोलकावर त्यांनी बसवलेली एक विशिष्ट लय वादकांमध्ये ‘दत्तारामचा ठेका’ म्हणूनच ओळखली जाते, आणि ‘परवरिश’ (१९५८) सारख्या चित्रपटांचे स्वतंत्र संगीतही त्यांनी दिले. व्हायोलिनवादक अनिल मोहिले यांनी हिंदी-मराठीत संयोजन केले आणि अरुण पौडवाल यांच्यासह ‘अनिल-अरुण’ या नावाने ‘अष्टविनायक’ (१९७९) चे संगीत दिले. प्रभाकर जोग यांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती या लेखाच्या मुख्य मुद्द्याला बळ देते. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक, अशी ग. दि. माडगूळकर यांची ‘गीतरामायणा’तील छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतात प्रसारित झाली, जोग हे फडके यांचे दीर्घकाळचे साहाय्यक आणि गीतरामायणाच्या कार्यक्रमांतील व्हायोलिनचे साथीदार. हे कार्यक्रम गावोगावच्या व्यासपीठांवर झाले, तेथे फडके यांच्या शेजारी जोग दिसत, आणि त्यामुळे महाराष्ट्र त्यांना नावाने ओळखू लागला. पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ या त्यांच्या कार्यक्रमाला श्रोते स्वतंत्रपणे आले. त्याच ताकदीचा वादक ताडदेवच्या बंद खोलीत राहिला असता तर त्याला ही ओळख मिळाली नसती, असे म्हणायला आधार आहे. गंधर्व मंडळीतील सारंगीयाला जे मिळत होते ते जोग यांना भावगीताच्या रंगमंचाने परत मिळवून दिले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच काळात, अगदी अशीच व्यवस्था उभी राहिली होती. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये जी कंपनी काढली तिचे नाव पुढे मोटाऊन म्हणून गाजले. तिचे संगीत सोल या प्रकारातले, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन आणि त्यांच्याच दुःखातून जन्मलेले ब्लूज यांच्या मिलाफातून निघालेले होते. एका साध्या घराच्या तळखोलीत जे वादक ही गाणी वाजवत ते रात्री शहरातील जाझ क्लबांत वाजवणारे होते, त्यांना एकत्रितपणे ‘फंक ब्रदर्स’ म्हणत, आणि त्यांतील बास गिटारवादक जेम्स जेमर्सन यांच्या बोटांतून निघालेल्या सुरावटींवर त्या गाण्यांचा निम्मा डोलारा उभा आहे. त्यांची नावे तबकड्यांवर जवळजवळ बारा वर्षे आली नाहीत. १९७१ साली मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर ती छापली गेली, आणि १९७२ मध्ये कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला तेव्हा हा वृंद विखुरला. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत आणि अलाबामातील मसल शोल्स या लहानशा गावातही असेच ठरलेले वादकगट होते. प्रार्थनागृहात मिळालेले शिक्षण, रात्रीच्या क्लबात लागलेली रचनेची सवय आणि दिवसा स्टुडिओत रोजावर विकलेले कसब हा क्रम मुंबईत आणि डेट्रॉइटमध्ये एकच होता. फरक पडला तो नंतर: २००२ साली फंक ब्रदर्सवर चित्रपट निघाला आणि उरलेल्या वादकांना हयातीत रंगमंच मिळाला; मुंबईच्या वादकांबद्दल ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने त्यांच्या मुलाखतींवर आधारलेला सविस्तर ग्रंथ लिहिला तो २००८ साली, आणि तोवर सेबॅस्टियन यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

मुंबईचे हे संगीत ज्यांच्या कानांसाठी घडत होते त्यांत मराठवाड्याचा श्रोताही होता. निजामाच्या राजवटीत या मुलखाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे होते आणि रेडिओही हैदराबादचा होता. १९५२ साली केंद्रीय मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावरच ती गाणी देशी लहरींवर परतली. उद्घोषक प्रत्येक गाण्यापूर्वी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगे. त्यामुळे तबकडीवरील कागदाची मर्यादा रेडिओवरही जशीच्या तशी आली.

मात्र एक वर्ग असा होता की ज्याला या अनाम वादकांच्या कामाची नेमकी किंमत कळत होती, आणि तो म्हणजे लग्नाच्या वरातीत वाजवणारा बँडवाला. मराठवाड्यात हलगी, सनई आणि संबळ यांची वाजंत्री पिढ्यानपिढ्या सांभाळणाऱ्या घराण्यांत, विशेषतः मातंग समाजात, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही वाद्ये आली तेव्हा त्यांच्यापुढे लिहिलेला कागद नव्हता, फक्त रेडिओ आणि तबकडी होती. गायकाची ओळ क्लॅरिनेटवर काढणे तुलनेने सोपे. अवघड असे ते गाण्यापूर्वीची सुरावट आणि कडव्यांमधला तुकडा कानाने टिपून चार-पाच वाद्यांत वाटून देणे, कारण वरातीतील लोक गाणे ओळखत ते पहिल्या सुरावटीवरून, आणि ती चुकली तर नाचणाऱ्यांचे पाय थांबत. म्हणजे सेबॅस्टियन यांनी ताडदेवला साठ जणांसाठी लिहिलेले संयोजन मराठवाड्याच्या एखाद्या खेड्यात सहा जणांसाठी पुन्हा रचले जाई, आणि हे दुसरे संयोजन करणाऱ्याचे नावही कोठे नोंदले जात नसे. भीमगीते गाणाऱ्या गायन पार्ट्यांतही पुष्कळ गीते चित्रपटांच्या चालींवर बेतली जात. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवींची नावे लोकांनी हृदयाशी धरली, परंतु त्यांच्या मागे ढोलकी, बेंजो आणि पेटी वाजवणाऱ्या हातांची नोंद त्या त्या गावाच्या आठवणीपलीकडे गेली नाही. मराठवाड्यातील संगीताचा इतिहास लिहायचा असेल तर गायकांच्या चरित्रांबरोबर या वादकांच्या घराण्यांची नोंद करणे अगत्याचे आहे, आणि हे काम ती माणसे हयात असतानाच होऊ शकते.

कायद्याने या सगळ्यांना फार उशिरा ओळखले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीत लिहिणारा, चाल बांधणारा आणि चित्रपट काढणारा यांचे हक्क सांगितले होते. प्रत्यक्ष गाणारा किंवा वाजवणारा माणूस त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. १९७७ साली संगीतकारांच्या हक्कांविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून, भारतीय संगीताचा आत्मा ज्यांच्या गळ्यात आणि हातात असतो त्या सादरकर्त्याला कायद्यात स्थान नाही, या उणिवेकडे संसदेचे लक्ष वेधले. १९९४ च्या दुरुस्तीने ‘सादरकर्त्याचा हक्क’ प्रथम अस्तित्वात आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर स्वामित्वधनाचा वाटा मिळण्याची तरतूद केली. परंतु १९५० आणि ६० च्या दशकांतील वादकांनी आपले काम त्या त्या दिवशीच्या रोख पैशांत कायमचे विकलेले होते आणि या दुरुस्त्या झाल्या तेव्हा त्यांतील अनेक जण काळाच्या पडद्याआड गेले होते.

तोवर धंदाही बदलला होता. ध्वनिमुद्रणाच्या अनेक स्वतंत्र पट्ट्या उपलब्ध झाल्या तेव्हा सर्वांनी एकत्र वाजवण्याची गरज कमी झाली, आणि केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी १९७० च्या दशकात कुतूहलाने हाताळलेला सिंथेसायझर पुढील वीस वर्षांत पूर्ण व्हायोलिन-ताफ्याच्या जागी येऊन बसला. १९९४ मध्ये राहुल देव बर्मन आणि १९९८ मध्ये लक्ष्मीकांत गेले, आणि साठ-सत्तर वादकांना रोज काम देणारी शेवटची मोठी दालने बंद झाली. काही वादक शाळांतून शिकवू लागले, काही जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत वाजवू लागले, काहींनी वाद्य पेटीत ठेवले. ज्या हस्तलिखित कागदांवर सेबॅस्टियन, चिक चॉकलेट, गोन्साल्विस यांनी रात्री जागून प्रत्येक वाद्याची ओळ लिहिली होती, ते बहुतेक कागद ध्वनिमुद्रण संपताच निरुपयोगी समजून टाकले गेले, आणि आज कोणाला ती गाणी मूळ थाटात वाजवायची झाली, तर कानांनी ऐकून, एकेक वाद्य वेगळे काढून, ती स्वरलिपी पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागते.